तिसरं चित्र

"डावीकडे घे जरा. आता खाली. अगं, तिरकं झालं!"

लेक स्टुलावर उभी राहून चित्र सरळ करत होती. आई टेबलाशी ताट झाकून उभी होती. ताटात मऊ भात होता, दुसऱ्यांदा गरम केलेला. भिंतीकडे तोंड करून बाबा बसले होते, शहाण्यासारखे, हात मांडीवर ठेवून. सदऱ्याची कॉलर त्यांच्या मानेभोवती नुसती लोंबत होती.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. "तोंडाने काही जाईना तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ती उपसणार. मग हात बांधावे लागतील." हे हात बांधायचं ऐकल्यापासून आईच्या स्वतःच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

भूक मेली होती असंही नाही. सगळं अडलं होतं ते या भिंतीपाशी. तिथे वर्षानुवर्षं एक मोठं चित्र होतं, लांबलचक टेबलाभोवती बसून हसणाऱ्या माणसांचं. संसार मांडला तेव्हा दोघांनी दुकानं पालथी घालून हौसेने आणलेलं. आताशा बाबा त्या माणसांकडे बघत आणि ताट पुढे सरकवत. "यांना आधी वाढ. पाहुणे ताटकळलेत आणि मी गिळत बसू?" जन्मभर त्यांनी आल्यागेल्याच्या आधी घास तोंडात घातला नव्हता. लेकीचं नाव विसरले, बायकोचा चेहरा विसरले; एवढं मात्र विसरले नाहीत. आईने ते चित्र उतरवून होडीचं लावलं. तर "होडी सुटेल" म्हणत ते भरल्या ताटावरून उठले. भिंत मोकळी ठेवली, तर "हे आपलं घर नव्हे" म्हणून चपला शोधू लागले. खुर्ची फिरवून पाहिली, तर समोर दार. दार दिसलं की त्यांचा पाय घरात ठरत नसे.

"आज फळं," लेक स्टुलावरून उतरत म्हणाली. "फळांना कुणी वाढायला नको, नि फळं उठून कुठे जातही नाहीत."

आईला त्यातही हसू आलं. तिने ताटावरचं झाकण काढलं आणि चमच्यात भात घेतला. "आ करा बघू."

बाबा चित्राकडे बघत होते. निळ्या वाडग्यात पिवळीजर्द नासपती, एकीला पानही होतं. त्यांचा चेहरा खुलला. खूप दिवसांनी खुलला. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

ते उठले. टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेले आणि पान असलेल्या नासपतीला हात घातला. काचेवर नखं वाजली. त्यांनी पुन्हा धरायला पाहिलं. मग दोन्ही हातांनी. नखं काचेवर कर्रकर्र घसरत होती, आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं आईला स्पष्ट दिसत होतं.

"बाबा, ते चित्र आहे. मी खरं आणते, कापून देते."

"देत नाहीत," ते म्हणाले. "मागतोय तर देत नाहीत." आणि काचेवर कपाळ टेकून ते रडू लागले.

लेकीने त्यांना धरून खुर्चीवर आणून बसवलं. आईच्या हातातला चमचा ताटात पडला. ती तरातरा भिंतीकडे गेली, चित्र ओढून काढलं आणि पालथं करून जमिनीवर टेकवलं.

"काय लावू आता इथे? सांगा ना, काय लावू? मलाच टांगून घेऊ का त्या खिळ्याला?"

"आई!"

ते घाबरून खुर्चीत आक्रसले. ते बघून ती मागे सरली. भिंतीलगत, खिळ्याखाली, कधीपासून कुणी न बसलेली खुर्ची होती. तिच्यावर ती मटकन बसली. पदराने तोंड पुसलं आणि टेबलापलीकडे त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

तेही बघत होते. मग सावरून बसले.

"अरेच्चा, तुम्ही कधी आलात?"

"बाबा, ती आपली..." लेकीने तोंड उघडलं. आईने हातानेच तिला थोपवलं.

"आत्ताच," ती म्हणाली.

"मग अशा कोपऱ्यात काय बसलात? पुढे सरका. संकोच करू नका, बाई. घरात जे असेल ते." त्यांनी आपलं ताट दोन्ही हातांनी तिच्याकडे सरकवलं. आग्रहात जुनाच रुबाब होता. "घ्या. तुम्ही घेतल्याशिवाय मला घेता येत नाही."

तिने चमचा उचलला. गार भात तोंडात घातला, चावला, कसाबसा गिळला.

लेकीने पटकन दुसरं ताट वाढून बाबांसमोर ठेवलं. त्यांनी पाहुणीकडे पाहून मान तुकवली आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. ती खाई, मग ते खात. ती थांबली की तेही थांबत. म्हणून तिला थांबायची सोय नव्हती. लेक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तोंडावर हात दाबून उभी होती.

अर्धं ताट संपलं तसे ते टेबलावरून पुढे वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही येत जा हो अधूनमधून. आमच्या हिला माणसांची फार हौस. पण हल्ली ती दिसतच नाही घरात. कुणाला विचारलं तर धड सांगतही नाहीत."

तिच्या हातातला चमचा ताटाजवळ क्षणभर अडला.

"येतील त्या," ती म्हणाली. "तुम्ही जेवा."

आणि तिने पुढचा घास घेतला.