तिसरी माळ

"भेग कुठं आहे?" विम्याच्या सर्व्हेअरनं विचारलं.

हरिबानं समोरच्या भिंतीकडं बोट केलं. भिंत कशी लख्ख होती. खिडकीच्या कोपऱ्यापासून पार स्लॅबपर्यंत कोरा निळा रंग, कुठं ओरखडासुद्धा नाही. भिंतीशी देवीचा घट बसलेला. काळ्या मातीतून गहू नुकताच वर आला होता आणि त्यावर आज तिसरी माळ सोडली होती.

"इथंच व्हती, सायब. पितरपाटात भुई हालली, तवा फाटली. बोट जायचं आत."

"मग आता?"

हरिबानं बायकोकडं पाहिलं. सिताबाई पदर सावरत पुढं आली. आपण काही चुकलो, असं तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं.

"फुटक्या भिताडाला घट बशीवत्यात का, सायब? शिमिट भरून घेतलं, रंग दिला. आन तुमी बी येणार व्हतात. परक्या माणसाला फुटकं घर कसं दावावं?"

सर्व्हेअरनं कपाळाला हात लावला. उमाशंकर त्याचं नाव, वय तिशीच्या आतबाहेर. ताणून मोठ्या केलेल्या भेगा त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. बुजवून ठेवलेली ही पहिलीच.

हरिबानं मोबाइल पुढं केला. फोटोत भेग होती, पण नुसती भेगच होती.

"काका, ही भिंत कुणाच्या घरातली, हे यावरून कंपनीला काय कळणार?"

वर स्लॅबच्या कडीला पाळणा टांगून तयार होता. दसरा झाला की त्यांची लेक मोनिका पहिल्या बाळंतपणाला येणार होती. किल्लारीच्या भूकंपापासून नवराबायको अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपत. त्यांचं कसंही निभत होतं. पण ओल्या बाळंतिणीला पत्र्याखाली कसं ठेवायचं? भिंत पाडून, आत लोखंड घालून नव्यानं बांधायला हवी होती, आणि त्याला विम्याशिवाय दुसरा आधार नव्हता.

"थोडा गिलावा काढून दाखवा," उमाशंकर म्हणाला. "आतली भेग दिसली तरी पुरे."

हरिबानं लगबगीनं छिन्नी-हातोडी आणली. सिताबाई घटाला आडवी झाली.

"आवो, माती घटात पडंल की!"

"घट जरा बाजूला घेऊ या ना, मावशी."

तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. बसलेला घट दसऱ्याआधी हलवायचा, हे या घरात आजवर कुणी तोंडातूनही काढलं नव्हतं.

"वरच्या अंगाला मारतो. हळूच," हरिबा म्हणाला आणि त्यानं एक ठोका घातला.

गिलावा जागचा हलला नाही. गवंड्यानं काम चोख केलं होतं. वर स्लॅबचा मात्र एक पोपडा सुटला आणि घटाच्या कडेला येऊन फुटला. सिताबाईनं किंचाळून कोंबांवर दोन्ही हात धरले.

"बास! बास करा आता."

हरिबानं हातोडी खाली ठेवली. "दसरा झाल्यावर या की, सायब."

"आज रिपोर्ट गेला नाही तर फाइल बंद होते, काका. मला तुमचं पटतंय हो. पण जे दिसत नाही ते लिहू कसं?" तो मोबाइलवर काहीतरी टाइप करू लागला.

"काय लिवलं?" सिताबाईनं विचारलं.

त्यानं मान वर केली नाही. "घराला काही झालेलं नाही, असं."

हरिबाला बायकोचा राग यायला हवा होता, पण आला नाही. रंगाचा डबा त्यानंच हौसेनं मुरूमच्या बाजारातून आणला होता.

सिताबाई चहा घेऊन आली. आल्यागेल्याला चहा दिल्याशिवाय तिला राहवत नसे. तिनं भिंतीजवळ खुर्ची ठेवली. "बसा, सायब."

उमाशंकरनं पोपडा सुटला होता तिथं पाहिलं, मग पाळण्याकडं पाहिलं.

"नको, मावशी. बाहेरच बरं."

खुर्ची उचलून तो अंगणात गेला. सिताबाईनं कप त्याच्या हातात नेऊन दिला, परत आत आली आणि पाळण्याची दोरी सोडू लागली.