चाळीस दिवसांचा कायदा

न्यूपोर्टच्या धक्क्यावर गव्हर्नर ओबडाया थर्लो उभा होता. समोरच्या जहाजावर पिवळ्या तापाची साथ होती, आणि मावशीकडून परतणारी त्याची लेक प्रूडन्सही. चाळीस दिवस कोणी उतरायचं नाही, हा कायदा त्याचाच. “साहेब, होडी काढू?” नावाडी कुजबुजला. “तुम्हाला कोण अडवणार?” “मी अडवीन!” कोळीण मर्सी कडाडली. “माझा नवरापण तिथंच अडकलाय. त्याला कोण आणणार?” “बाबा, मला न्या ना!” कठड्यावरून प्रूडन्स ओरडली. लढाईत गोळी खाऊनही न डगमगलेला गव्हर्नर होडीकडे एक पाऊल गेला, मग मागे फिरला. “होडी नको,” तो म्हणाला. नवव्या दिवशी मर्सीचा नवरा जहाजावरून हात हलवताना दिसला. मागोमाग कप्तानानं प्रूडन्सचं नाव पुकारून कापडात गुंडाळलेला देह पाण्यात सोडला. मर्सीनं उचललेला हात खाली घेतला आणि ती गव्हर्नरपुढे उभी राहिली, लोकांना त्याचं तोंड दिसू नये म्हणून.