बोलावू का रे?

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी बैरुतच्या रेडिओ स्टुडिओत राजकीय विश्लेषक वज्दी अर्धा तास श्रोत्यांना राजकारण समजावत होता. राष्ट्राध्यक्षाची खुर्ची रिकामी होती, बँका लोकांचेच पैसे देत नव्हत्या, तरी “नव्या वर्षात देश सावरेल,” हे ठरलेलं वाक्य तो बोललाच. तेवढ्यात लेबनॉनमधल्याच त्रिपोलीहून एका म्हातारीचा फोन आला. “बाळा, माझा फवाज कुवेतला असतो. म्हणतो, आई, तू म्हणशील तर नोकरी सोडून येतो. बोलावू का रे?” वज्दीने कागद चाळले. आपलं ऐकून कुणी खरोखर सामान बांधेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. “मावशी,” तो म्हणाला, “मला काहीच कळत नाही हो.” “इतकी वर्षं ऐकतेय तुला, आज पहिल्यांदा समजलं तुझं बोलणं,” ती हसली. “राहू दे मग त्याला तिथेच.” फोन ठेवायला मात्र ती विसरली. तिचं रडणं देशभर ऐकू जात राहिलं.