देवळाकडे, बाजाराकडे

"आजी, चित्र कधी येणार? तिकडे दोन विकेट गेल्या पण असतील!" शंतनु गाडीच्या उघड्या डिकीत पाय हलवत बसला होता.

"येईल रे. मेस्त्रींनी हात लावलाय ना," भागीरथीबाई म्हणाल्या आणि टीव्हीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत सरसावून बसल्या.

हेब्बाळच्या त्या कॉलेजात फुटबॉलचा अंतिम सामना दुपारी होता. पण माजी विद्यार्थी सकाळपासूनच मैदानाबाहेर गाड्या लावून, डिक्या उघडून बसले होते. त्यांच्यातल्याच, पुढे अमेरिकेत शिकून आलेल्या शंतनुने ही टूम काढलेली. शेगडीवर कणसं भाजायची, एकमेकांची टर उडवायची आणि आतला खेळ सुरू होईपर्यंत ऑस्ट्रेलियातलं क्रिकेट बघायचं. एवढ्या गर्दीत फोनवर काही दिसत नाही, नुसतं चक्र फिरत राहतं. म्हणून दिवसभरासाठी भाड्याचा टीव्ही आणि डिश.

हा धंदा भागीरथीबाईंच्या यजमानांचा, नरसिंगरावांचा. बसवनगुडीत त्यांचं दुकान होतं. कुणाच्या लग्नात, गणपतीच्या मांडवात, वर्ल्डकपला गल्लीच्या तोंडाशी, जिथे तिथे त्यांचा टीव्ही. ते गच्चीवर डिश फिरवत आणि भागीरथीबाई खाली टीव्हीपाशी बसून ओरडत. डावं कुणाचं आणि उजवं कुणाचं यावरून दोघांचं पहिल्याच दिवशी भांडण झालं. मग नरसिंगरावांनीच तोड काढली. त्यांच्या गच्चीच्या एका अंगाला बसवण्णाचं देऊळ, दुसऱ्या अंगाला गांधीबाजार. पुढे शहरात कुठेही गेले तरी तीच भाषा. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या पत्र्यावरसुद्धा देऊळ आणि बाजार!

चित्र आलं की वरून हाक येई, "भागू, आता हलू नकोस, चित्र जाईल!" जसं काही चित्र त्यांच्या पदरालाच बांधलंय. लोक हसत. त्या लटकंच रागावत.

ती हाक ऐकून आता बरीच वर्षं झाली होती.

"आई, बास आता," सुधींद्र, त्यांचा मुलगा, कालच म्हणाला होता. "हे शेवटचं. उद्या काही धड झालं नाही, तर सगळं सामान भंगारात देणार मी."

धंदा राहिला काय, गेला काय, भागीरथीबाईंना त्याचं काही नव्हतं. पण टीव्हीपाशी बसून डिशच्या दिशेने ओरडताना घटकाभर जुने दिवस परत आल्यासारखे वाटत. तेवढं जाऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शंतनुच्या ग्रुपमधल्या सिद्धीने त्यांच्या हातात गरम कणीस दिलं. "आजी, हे काका कधीपासून आहेत तुमच्याकडे?"

"खूप जुने आहेत."

"आणि अजून काम करतात? सो स्वीट!"

"कामाशिवाय करमत नाही त्यांना."

टेंपोच्या मागे मेस्त्री डिशच्या स्टँडपाशी उभे होते. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, हातात पाना. टीव्हीवर नुसता निळा पडदा.

"थोडं डावीकडे!" भागीरथीबाईंनी आवाज दिला.

डिश उजवीकडे गेली.

"डावीकडे हो, डावीकडे!"

आता डिश हललीच नाही. मेस्त्री हातातल्या पान्याकडे बघत राहिले, जणू तो कुणी दुसऱ्यानेच त्यांच्या हातात ठेवला होता.

टेंपोचा ड्रायव्हर देवाप्पा खुर्चीशी येऊन वाकला. "अक्का, अण्णांना आज नको होतं आणायला. मीच लावलं असतं."

"थांब जरा."

"आजी, नसेल जमत तर तसं सांगा," शंतनु म्हणाला. "पलीकडच्या ग्रुपने दुसरा माणूस बोलावलाय. त्याचाच घेतो आम्ही."

भागीरथीबाईंनी कणीस खाली ठेवलं. पदर खोचला. लोक काय म्हणतील याचा विचार न करता, पोटातून ओरडल्या, "देवळाकडे!"

पाना हलला.

"आणखी देवळाकडे! फार झालं... स्वल्प बाजाराकडे... स्वल्पच!"

"इथे कुठे देऊळ?" सिद्धी पुटपुटली.

निळा पडदा थरथरला, चौकोन चौकोन झाले आणि एकदम हिरवंगार मैदान उजळलं. सगळ्यांनी एकच गिल्ला केला.

"आलं!" भागीरथीबाई ओरडल्या. आणि सवयीने हलायच्या थांबल्या. कान टेंपोच्या दिशेने लागले.

"झालं का, अक्का?" मेस्त्रींनी अदबीने विचारलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "सरी, ठीक आहे, या आता सावलीत."

दुपारी त्यांनी मेस्त्रींना वेगळा डबा दिला. त्यांना तिखट सोसत नसे. भात कालवूनच आणला होता. जेवून मेस्त्री उठले आणि रस्त्याच्या दिशेने चालू लागले, तशी भागीरथीबाईंनी डोळ्यांनीच देवाप्पाला खुणावलं. तो त्यांच्या मागोमाग जाऊन, गप्पा मारत मारत त्यांना वळवून घेऊन आला.

संध्याकाळी शंतनुचं कॉलेज हरलं. तरी पोरं नाचतच होती. "आजी, पुढच्या वर्षी पण तुम्हीच हं," तो म्हणाला. "देऊळ-बाजार सगळं घेऊन या!"

डिश, टीव्ही, खुर्ची टेंपोत चढली. मेस्त्री भागीरथीबाईंसमोर हात बांधून उभे राहिले.

"अक्का, अंधार पडायला आला. एकट्या कुठे जाता? मी येतो दारापर्यंत. तुमचे यजमान वाट बघत असतील."

"या की," त्या म्हणाल्या.

टेंपो निघाला तसा फोन वाजला. सुधींद्र होता.

"काय गं, जमलं का आज?"

"जमलं. डिश भंगारात द्यायची नाही, आत्ताच सांगून ठेवते." त्यांनी शेजारी खिडकीबाहेर बघत बसलेल्या मेस्त्रींची शाल सारखी केली आणि आवाज खाली आणला. "आणि ऐक, तुझे बाबा मला घरी सोडायला निघालेत. दारातूनच परत जाईन म्हणतील. बघते, आजही जेवायला थांबतात का."