थंड कॉफीचे सात प्रकार

लेकीने आणलेलं स्थळ समोर बसलं होतं. मेनूकार्डावर थंड कॉफीचे सात प्रकार होते. आपण जुन्या वळणाच्या दिसू नये, म्हणून साठीला टेकलेल्या शालनताईंनी ऐटीत सांगितलं, "कोल्ड ब्रू." समोरच्या जयवंतरावांनी मात्र आइस्क्रीम घातलेली साधी कोल्ड कॉफी मागवली.

पहिल्याच घोटाला शालनताईंचं तोंड काढा प्यायल्यासारखं झालं. तरी त्या म्हणाल्या, "छान आहे हो!"

"माझंही तस्संच तोंड झालं होतं," जयवंतराव म्हणाले. "गेला आठवडाभर रोज इथे येऊन एकेक प्रकार पिऊन पाहिला. तुमच्यासमोर फजिती नको, म्हणून."

शालनताईंना इतकं हसू फुटलं, की तोंडाला पदर लावावा लागला. मग जयवंतरावांचा ग्लास त्यांनी सरळ टेबलाच्या मधोमध ओढला आणि वेटरला हाक मारली, "दादा, आणखी एक स्ट्रॉ द्या."