शिकवलेला हात

हातानं संत्रं उचललं, दोनदा वरखाली तोललं आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या पेटीत नेमकं फेकलं. हात ॲल्युमिनियमचा होता, पण मयूरला त्याचं कोण कौतुक. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता तो. चांगलं फळ हळूच ठेवायचं, सडकं लांब फेकायचं.

आज त्यानं तो मुद्दाम आईसाठी लावला होता. पोळ्याचा दुसरा दिवस. जाम नदीवर दरवर्षीची गोटमार सुरू झाली होती. या काठावरून पांढुर्ण्याचे, त्या काठावरून सावरगावचे, एकमेकांवर दगड भिरकावत होते. ढोलांचा आवाज अंगणापर्यंत येत होता. अशाच एका गोटमारीत मयूरच्या आईचा, नलिनीचा, भाऊ वसंत सावरगावच्या काठावर कपाळात गोटा लागून गेला. मारणारा कोण, ते कधीच कळलं नाही. तेव्हापासून ती या दिवशी अन्नाला शिवत नसे. पोराची करामत पाहून तिचा जीव जरा रमेल, असं मयूरला वाटलं.

त्याचा बाप अरविंदही नदीकडे फिरकायचा नाही. दिवसभर आतल्या खोलीत रेडिओ मोठा करून बसायचा. वसंत गेला त्याच वर्षी, सावरगावचं ते घर दुःखात बुडालेलं असताना, हा पांढुर्ण्याहून नदी ओलांडून गेला आणि त्यानं नलिनीला मागणी घातली. मानपानाचं नावही काढलं नाही. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं सावरगावचे लोक अजून म्हणतात.

नलिनी उंबऱ्यावर येऊन बसली. हातानं दुसरं संत्रं उचललं, दोनदा तोललं, फेकलं.

"ते तोलणं काढून टाक म्हणून राहिले आमचे सर," मयूर म्हणाला. "मोटर फुकटची वीज खाते. पण काढलं का याचा नेमच चुकते."

तिसऱ्या वेळी हाताचं मनगट बाहेर वळलं आणि संत्रं आडवं, सरळ गेलं. नदीकडून मोठा ओरडा झाला. नलिनी उभी राहिली.

"याले असं फेकाले कोनं शिकवलं?"

मयूर हसला. सेन्सरचा हातमोजा घालून माणूस जसा फेकेल, तसंच यंत्र शिकायचं. त्याचा स्वतःचा नेम धड नव्हता. उन्हाळ्यात बापानं बरेच आढेवेढे घेऊन हातमोजा चढवला आणि एक फळ पेटीबाहेर जाऊ दिलं नाही. आईला सांगू नको, एवढं मात्र त्यानं बजावलं होतं.

"बाबांनी. तुले सांगू नोको म्हणले होते."

हातानं आणखी एक संत्रं उचललं.

"त्या दिवशी मी आमच्या काठावर होती," नलिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता आणि मयूरला त्याचीच भीती वाटली. "तोंड नाही दिसलं मले. पल्याडच्या गर्दीतून हात तेवढा वर आला. त्यानं गोटा असाच दोनदा तोलला. मनगट असंच वळवलं. मंग वसंता पडला."

मयूरनं धावत जाऊन वायर ओढली. हात मनगट वळलेल्या स्थितीतच थांबला. आतला रेडिओ कधीचा बंद झाला होता. अरविंद दारात उभा होता आणि त्यानं उजवा हात पाठीमागे घेतला होता.

नलिनीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्या पाठीमागच्या हाताकडे बघत तिनं विचारलं,

"म्हनून मले मागनी घातली होती का तुमी?"