धुवायला टाकलेलं बाळ

"आई, तू बाळाला धुवायला टाकलंस?"

सिक्स्टेनने वॉशिंग मशीनच्या गोल दारात डोकं खुपसलं आणि बाहुलीचा पाय धरून तिला बाहेर ओढलं. मालिनच्या हातातली कॉफीची किटली तशीच अधांतरी राहिली. समोर गुनिला बसली होती, बूट दारात काढून, लोकरीच्या मोज्यांवर. ती सिक्स्टेन कसा खेळतो ते बघायला आली होती. आणि जे खेळणं लपवायला मालिनने सकाळी घर पालथं घातलं, तेच आता तिच्यासमोर मिरवत निघालं होतं.

"मळलं होतं," मालिन म्हणाली.

बाहुली लख्ख होती. गुनिलाने दालचिनीच्या पावाचा मोठा घास घेतला. हसू लपवायला तो बरा पडला.

गुनिला विद्यापीठातली. मालिनला दिवस गेले तेव्हा आर्विका गावातल्या पुष्कळ बायकांनी तिच्याकडे लघवीचे नमुने दिले होते, मालिननेही दिले. प्लास्टिक मऊ ठेवणारी, सुगंध टिकवणारी रसायनं जमिनीवरच्या प्लास्टिकच्या आच्छादनापासून केसांच्या स्प्रेपर्यंत सगळीकडे असतात. ती पोटातल्या जिवापर्यंत पोचली, तर पुढे तो मुलगा किंवा ती मुलगी काय खेळते यावर त्यांची सावली पडते का, हे गुनिलाला शोधायचं होतं. तेव्हा मालिनला त्याचं काही वाटलं नव्हतं. ती सलूनमध्ये केस कापायची, रंगवायची, आणि पोट आरशाला टेकेपर्यंत स्प्रेच्या ढगात उभी असायची.

मग सिक्स्टेन चालायला लागला, बोलायला लागला. ट्रॅक्टर, हॉकीच्या काठ्या सगळं बाजूला सारून या बाहुलीच्या मागे लागला.

"सगळ्या पोरांना आगगाडीचं वेड, ह्याला लंगोटाचं!" सासू बटाटे सोलता सोलता म्हणाली होती. "त्या फवाऱ्यांनी माझ्या केसांची वाट लावलीस, ते जाऊ दे. नातवाला तरी सोडायचं होतंस."

सगळे हसले. मालिनही हसली. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली.

बाहुलीशी खेळणाऱ्या मुलाचं इथे कुणाला काही वाटत नाही, बालवाडीत तर कौतुकच होतं. तिलाही वाटत नव्हतं. आवडली बाहुली, तर आवडू दे. पण ती आवड त्याची असावी, आपल्या स्प्रेच्या डब्यातून उडालेली नसावी. एवढंच तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

"गुनिला," तिने शेवटी धीर केला, "खरं सांग. माझ्यामुळे झालं का हे?"

"एका मुलावरून मला काही सांगता येत नाही गं. ढीगभर मुलं बघावी तेव्हा कुठे एखादी पुसट रेघ दिसते. तीही कधी दिसते, कधी गायब." गुनिलाने कप पुढे केला. "तू बघतेस का पण त्याला?"

"रोज बघते!"

"बघत नाहीस, तपासतेस. ते काम माझं. तू कॉफी ओत."

घर आज शांत होतं. तिचा नवरा हेनिंग सध्या बाळासाठी रजेवर होता; तो धाकट्या, तान्ह्या टीराला घेऊन बाहेर पडला होता, रोजच्यासारखा. मालिनने तेवढी सलूनला अर्ध्या दिवसाची दांडी मारली होती. ती कप हातात घेऊन बसली आणि बघायला लागली.

सिक्स्टेनने खुंटीवरचा मफलर ओढला. बाहुलीला छातीशी बांधलं. जागच्या जागी दोन उड्या मारून गाठ तपासली. सोफ्यावर अस्वल आणि हत्ती बसवले, दोघांच्या मांडीवर मोज्यांचा एकेक बोळा ठेवला. मग एक रिकामा कप उचलून त्यांच्याशेजारी हुश्श करून टेकला.

"काय, झोपू दिलं का रात्री?" त्याने अस्वलाला विचारलं. "आमच्याकडे दात येतायत. नुसता धिंगाणा!"

अस्वल काही बोललं नाही. सिक्स्टेनने समजल्यासारखी मान हलवली. तेवढ्यात त्याचं लक्ष हत्तीकडे गेलं.

"अरे, मान धर त्याची, मान! बाहुली आहे का ती?"

गुनिलाला ठसका लागला. मालिनच्या मात्र कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पोरगं आता उभं राहून झुलत होतं, एका हाताने बाहुलीची पाठ थोपटत होतं, अगदी बेसूर काहीतरी गुणगुणत होतं. मध्येच थांबून त्याने तिच्या टाळूवर गाल टेकवला. कुणी शिकवल्याशिवाय इतकी माया येते कुठून? मालिनच्या नाकात सलूनचा वास आल्यासारखा झाला.

तिला राहवेना. ती उठली आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"सिक्स्टेन," आवाज शक्य तेवढा हलका ठेवत तिने विचारलं, "तू या बाळाची आई झालायस ना रे?"

झुलणं थांबलं. मोठ्या माणसांना एवढी साधी गोष्टही समजू नये, अशा नजरेने त्याने तिच्याकडे पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं, बाळ नुकतंच झोपलं होतं.

"आई तूच की! तू केस कापायला गेलीयस," तो कुजबुजला. "मी बाबा आहे."